मदत हवी आहे : श्रीलिपीतल्या जुन्या नोट्स स्क्रीन रीडरला वाचता याव्यात म्हणून

आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र घेतलेली एक पूर्ण अंध विद्यार्थिनी आहे. ती विंडोज लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते. युनिकोड मराठी (आता सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित पद्धतीने टाइप केलेली) तिला छान ऐकू येते. पण विभागाच्या बहुतेक नोट्स श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ केलेल्या आहेत. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, पण तिथला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. स्क्रीन रीडर तेच वाचतो. अभ्यास कसा करायचा तिने?

ऑनलाइन फॉन्ट कन्व्हर्टर वापरून पाहिले. साधा मजकूर बऱ्यापैकी येतो, पण रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. गूगल ड्राइव्हचं ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय) जास्त बरं वाटलं, मात्र मागणी-पुरवठ्याच्या तक्त्यांचे रकाने मोडून सगळे आकडे एका ओळीत येतात. मूळ पेजमेकर फाइली आता मिळणार नाहीत. सगळं पुन्हा टाइप करायला माणसं नाहीत, आणि विकतचं सॉफ्टवेअर घेण्याइतका निधीही नाही. ब्रेल तिला येत नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नका. रेकॉर्डिंग करून देतो आहोतच, पण त्यात हवी ती व्याख्या पटकन शोधता येत नाही.

तक्त्यांचे रकाने शाबूत ठेवून मराठी ओसीआर करणारं मोफत साधन कुणी प्रत्यक्ष वापरलंय का? आणि मागणी वक्रासारख्या आकृत्यांचं वर्णन तुम्ही किती तपशिलात लिहिता?