जेट स्कीला केशरी लाइफ जॅकेट नकोच, पटतंय का?

जावळीचा:
रविवारी कोयना धरणाच्या शिवसागरात जेट स्की केली. अंगात तेच केशरी, मानेमागं उशी असलेलं जॅकेट. वळणावर पाण्यात पडलो आणि जॅकेट सरकून थेट कानाला. डोळ्यासमोर नुसता फोम, हात वर अडकलेले. लाँचमधून तापोळ्याला जायला ते ठीक आहे हो. जेट स्कीला मात्र चार बकलांचं, अंगाला चिकटून बसणारं निओप्रीनचंच (मऊ रबरी कापडाचं) पाहिजे.

कृष्णाकाठ, सांगली:
आम्ही पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो, तरी तुमचं पटत नाही. बकलं आवळली होती का आधी? तुमचं ते निओप्रीन बहुतेक ५० न्यूटनचं, म्हणजे पाण्यात पाचेक किलोची उचल. शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तेवढी पुरते. डोकं आपटून पालथे पडलात तर ते उताणं करेलच असं नाही. १०० न्यूटनचं उशीवालं शांत पाण्यात त्यासाठीच असतं.

जावळीचा:
खरं १०० चं असलं तर! मला मिळालेल्याचं लेबल धुऊन गेलेलं, फोम बसून बसून पापडासारखा चपटा. त्याची उचल कुणी मोजली? बकलं ढिली होती, ते कबूल.

वाईकर:
एवढं कशाला? फुगणारं घ्या. पट्ट्याएवढं असतं, उकडतही नाही.

कृष्णाकाठ, सांगली:
ते तर अजिबात नको. आपोआप फुगणारं नुसत्या तुषारांनी फुगू शकतं. दोरी ओढून फुगवायचं असलं तर बेशुद्ध माणूस ओढणार कसा? अमेरिकेतही जेट स्कीसाठी त्याला सहसा मान्यता नसते.

जावळीचा:
इथं मात्र तुमच्या बाजूनं.

वाईकर:
बरं बाबा, मागे घेतलं. नऊ वर्षांच्या पोरीला काय घेऊ?

कृष्णाकाठ, सांगली:
मोठ्यांचं छातीच्या मापानं, पोरांचं वजनावर. 'वाढत्या अंगाचं' म्हणून शाळेच्या गणवेशासारखं मोठं घेऊ नका. बकलं लावून खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढा. हनुवटीच्या वर आलं की दुकानदाराला परत. पायांमधून जाणारा पट्टा असला तर उत्तम. आणि जावळीकर, पोहता न येणाऱ्याला निओप्रीन सुचवू नका, एवढंच माझं म्हणणं.

जावळीचा:
मला पोहता येतं, मी निओप्रीनच घेणार. खांद्याला धरून ओढायला बायको एका पायावर तयार आहे.