शब्दचर्चा : अँटिसेमिटिझमला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

मी न्यू जर्सीत असते, मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. तिची रूममेट ज्यू आहे. गळ्यात सहा टोकांच्या चांदणीची साखळी घालते ती, पण आता लायब्ररीत जाताना टीशर्टच्या आत टाकते, कारण दोनदा जिन्यात कुणीतरी "तुम्ही लोक पोरं मारता" म्हणून गेलं. पोरगी ओहायोत जन्मलेली, इस्रायलला एकदाही गेलेली नाही. हे मी आईला फोनवर सांगत होते, आई अलिबागला असते, पंच्याहत्तरी ओलांडलीय. मी म्हणाले अँटिसेमिटिझम फार वाढलाय गं, तर म्हणाली मराठीत सांग. आणि मला सांगताच येईना. सेमिटविरोध, ज्यूविरोध, ज्यूद्वेष, यहुदीद्वेष, यातलं बरोबर काय?

प्रतिसाद

ताई, सेमिटविरोध तर अजिबात नको, आणि का नको ते जरा सविस्तर लिहितो कारण हा शब्द जन्मापासूनच फसवा आहे.

सेमिटिक हे मुळात भाषांच्या कुळाचं नाव. नोहाचा मुलगा शेम, त्याच्यावरून अठराव्या शतकात जर्मन पंडितांनी ते पाडलं. हिब्रू, अरबी, अरॅमाइक, इथिओपियातली अम्हारिक या सगळ्या त्यात येतात. भाषा सेमिटिक असते, 'सेमिट' नावाची जात कुठे नांदत नाही. जर्मनमध्ये ज्यूंच्या द्वेषाला 'युडेनहास' असा साधा शब्द होता, युडेन म्हणजे ज्यू, हास म्हणजे द्वेष, बास. 'अँटिसेमिटिक' हे विशेषण १८६० मध्ये मोरित्झ स्टाइनश्नायडर या ज्यू विद्वानाने वापरलं होतं, तेही अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच पंडिताच्या पूर्वग्रहांवर टीका करताना. पण १८७९ मध्ये विल्हेल्म मार नावाच्या पत्रकाराने बर्लिनमध्ये 'अँटिसेमिटन लीगा' अशी संघटनाच काढली आणि शब्द गाजला तो तिथून. धर्मावरून द्वेष करणं त्या लोकांना जुनाट वाटायला लागलं होतं, त्यांना वंशाची, सायन्सची भाषा पाहिजे होती. म्हणजे द्वेष करणाऱ्यांनी स्वतःला मिरवायला घेतलेलं नाव आहे ते.

म्हणूनच "अरबसुद्धा सेमिटिक, मग ते अँटिसेमिटिक कसे असतील" हा वाद निरर्थक आहे, त्या शब्दाने पहिल्या दिवसापासून फक्त ज्यूच दाखवलेत. इंग्रजीत मधली आडवी रेघ काढून टाकायची चळवळ झाली तीही याचसाठी, असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये काढली. आपण देवनागरीत लिहितानाही अँटी-सेमिटिझम असं तोडू नये. आईंना सांगायचं तर ज्यूद्वेष. युडेनहासचं तंतोतंत मराठी.

प्रतिसाद

यहुदीद्वेष पण चूक नाही, मराठी बायबलमध्ये यहूदीच आहे. पण आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यानपिढ्या इथलेच मराठी बोलणारे ज्यू, स्वतःला मराठीत यहुदी म्हणवून घेताना मी तरी ऐकले नाहीत, ते इस्राएल म्हणतात नाहीतर ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्या तोंडचा शब्द घ्यावा.

प्रतिसाद

वरचं सगळं मान्य, पण ज्यूद्वेष शब्द पुरत नाही असं मला वाटतं, निदान युनिव्हर्सिटीच्या बाबतीत तरी. द्वेष म्हटलं की डोळ्यासमोर रागाने लाल झालेला माणूस येतो. आणि कॅम्पसवरचा बराचसा प्रकार थंड डोक्याने, फॉर्म भरून झालाय.

हार्वर्डचं घ्या. १९२२ मध्ये अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थी फार झाले असं वाटायला लागलं, वर्गात साधारण पाचवा हिस्सा होते, त्यांना १५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नव्हतं. आणि त्यांचं म्हणणं काय, तर संख्या कमी ठेवली की ज्यूंबद्दलचा राग वाढणार नाही, म्हणजे हे ज्यूंच्याच भल्यासाठी! उघड मर्यादा प्राध्यापकांनी मंजूर केली नाही. मग अर्जात प्रश्न आला की जन्मापासून तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललंय का, पुढे १९२६ पासून फोटो आणि 'चारित्र्य' बघून प्रवेश, आणि संख्या बरोबर खाली आली. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही.

आणि इथे मराठीत एक मोठा घोटाळा होतो. मी एका भाषांतरात 'ज्यू कोटा'चं 'ज्यूंसाठी राखीव जागा' केलेलं वाचलंय. अर्थच उलटा झाला ना! आपल्याकडे कोटा म्हणजे आत घेण्यासाठी ठेवलेल्या जागा, इतक्या तरी मिळाल्याच पाहिजेत असं. तिकडचा कोटा म्हणजे यापेक्षा जास्त येऊ द्यायचे नाहीत. खालची हमी आणि वरची कमाल मर्यादा, दोन्हीला एकच शब्द. युरोपात यालाच 'न्यूमेरस क्लाउसस' म्हणायचे, बंद केलेली संख्या. हंगेरीने १९२० मध्ये कायदाच केला, नाझींनी २५ एप्रिल १९३३ च्या कायद्याने नव्या प्रवेशात ज्यूंना दीड टक्क्यावर आणलं. मराठीत 'प्रवेशबंदीची मर्यादा' किंवा 'ज्यूंवर घातलेली कमाल मर्यादा' असं लिहावं, लांब झालं तरी चालेल पण कोटा नको.

पोलंडमध्ये तर १९३७ मध्ये सरकारने परवानगी दिल्यावर वर्गात ज्यूंना वेगळे बाक लावले, डावीकडे, 'घेटो बाक' म्हणायचे. पुष्कळ मुलं त्या बाकांवर बसलीच नाहीत, तासभर उभं राहून लेक्चर ऐकायची, आणि काही प्राध्यापकही त्यांच्यासोबत उभे राहून शिकवायचे. हे मला कधीही आठवलं तरी पोटात कालवतं. आपल्याला वेगळं बसवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्या बाकांना मराठी माणसाला कळेल असा शब्द शिवाशिव. तो वापरावा की नाही यावर मात्र माझं मन ठरत नाही, कारण त्या शब्दाचं स्वतःचं दुःख आहे, ते दुसऱ्याला उसनं देता येत नाही.

प्रतिसाद

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आज कॅम्पसवर हा शब्द विरोध बंद करायलाही वापरला जातो. गाझातल्या मारल्या जाणाऱ्या माणसांबद्दल बोललं की लगेच ज्यूद्वेष्टा. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या हिरवळीवर एप्रिल २०२४ मध्ये गाझासाठी आंदोलनाचे तंबू उभे राहिले तेव्हा आत ज्यू विद्यार्थीही होते, तिथेच त्यांनी पासओव्हर या ज्यू सणाचं सेदर जेवण केलं. ते काय स्वतःचाच द्वेष करतात? इस्रायलविरोध, झायनवादविरोध (झायनवाद म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं हा विचार) आणि ज्यूद्वेष हे तीन वेगळे शब्द मराठीत वेगळेच राहू द्या.

प्रतिसाद (कोट्याबद्दल लिहिणारा)

बरोबर आहे, आणि व्याख्येचं भांडणही हेच आहे. २०१६ ची ज्यूद्वेषाची आयएचआरए व्याख्या (आयएचआरए म्हणजे होलोकॉस्टची आठवण जपणारी अनेक देशांची संघटना), तिच्यात ११ उदाहरणं, त्यातली ७ इस्रायलशी जोडलेली. तिच्या मसुद्याचं मुख्य काम करणारे केनेथ स्टर्न स्वतः सांगत आलेत की ती कॅम्पसवर बोलण्याला आळा घालायला केलेली नाही. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा काढून दुसरी व्याख्या मांडली ती यासाठीच.

पण ताईंच्या मुलीच्या रूममेटला जिन्यात जे म्हणाले ते तिन्हीपैकी कुठलं? ती कुठल्या मोर्च्यात नव्हती, तिने मत मांडलं नव्हतं, फक्त चांदणी दिसली. सरकारचा राग चांदणी बघून माणसावर काढला की तो ज्यूद्वेषच, बोलणारा स्वतःला काहीही म्हणो. 'झायनिस्ट' शब्दाचंही तेच, वाक्यात त्याच्या जागी 'ज्यू' घालून बघा, बोलणाऱ्याला तेच म्हणायचं होतं असं दिसलं तर काय ते समजा. ५ डिसेंबर २०२३ ला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे तीन युनिव्हर्सिटींच्या अध्यक्षांना विचारलं, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक दिली तर तुमचे नियम मोडतात का, तर 'संदर्भावर अवलंबून' असं उत्तर आलं. कायद्याच्या भाषेत ते कदाचित बरोबर असेल. पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला ते कसं ऐकू आलं असेल?

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला परत फोन केला, ज्यूद्वेष म्हणाले. ती म्हणाली, "ज्यू म्हणजे आपल्या इस्राएल आळीतले ना गो? त्यांना कोण कशाला काय करील?" मग मी तिला बाकांचं सांगितलं, उभं राहून ऐकणाऱ्या मुलांचं. बराच वेळ बोललीच नाही. मग विचारलं, ती पोरगी जेवते कुठे. मी सांगितलं, दर शुक्रवारी संध्याकाळी हिलेलमध्ये, ती ज्यू विद्यार्थ्यांची जागा असते, १९२३ पासून इलिनॉयमध्ये सुरू झाली आणि आता पुष्कळ कॅम्पसवर आहे, मेणबत्त्या लावतात, एकत्र जेवतात, आणि हल्ली दाराशी गार्ड असतो.

तर म्हणे, "इथे त्यांचा दारफाळणीचा सण असायचा, दिवसभर दारं लावून उपास करायचे. सणाला दारं लावायचे, भीतीने नाही."

योम किप्पुरला आपल्याकडे असा शब्द आहे हे मला माहीतच नव्हतं. मुलीला मेसेज केलाय, रूममेटला सांग म्हणून.