फ्रँकेन्स्टाइनमधली भीती कुणाची: लेखिकेची की आपली?

निशाचरी (धागाकर्ती)
मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) कॉलेजात वाचली तेव्हा चक्क कंटाळले होते. मुलगी झाल्यावर परत हातात घेतली आणि त्यातला शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन पळून जातो तिथेच अडकले. जवळजवळ दोन वर्षं खपून त्याने जिवंत करण्यासाठी एक देह घडवलेला. पिवळट डोळा उघडतो, आणि या माणसाला किळस येते! तो खोलीबाहेर पडतो. नंतर तो जीव पलंगाचा पडदा सारून हात पुढे करतो, काहीतरी पुटपुटतो, तर हा सरळ अंगणात जाऊन रात्र काढतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला हीच धास्ती होती, की हिच्याबद्दल काही वाटलंच नाही तर? घरात बोलायची सोय नव्हती.

मेरीची पहिली मुलगी १८१५ मध्ये काही दिवसांतच गेली. बाळ फक्त गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर जिवंत झालं, असं स्वप्न तिने रोजनिशीत नोंदवलंय. तिची स्वतःची आईही तिच्या जन्मानंतर काही दिवसांत वारली. ही कादंबरी मला आईपणाच्या भीतीची वाटते.

तर्कट
ताई, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण सहमत नाही. बाळ कुठे आहे इथे? आठ फुटी देह, आणि सामान आणलंय स्मशानातून, शवविच्छेदनाच्या खोलीतून, कत्तलखान्यातून. १८०३ साली लंडनमध्ये आल्दिनी या इटालियन शास्त्रज्ञाने फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेतात वीज सोडली, तर जबडा थरथरला, एक डोळा उघडला. त्या काळाची धडकी ही आहे. १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मेरी स्वतः गॅल्व्हनिझमचं, म्हणजे शरीरात वीज सोडून हालचाल घडवण्याच्या याच प्रकाराचं, नाव घेते. लेखिकेच्या घरातली मयतं मोजत कादंबरी वाचायची म्हणजे तिच्या बुद्धीला कमी लेखणं. पुरुष लेखकाच्या बाबतीत एवढी चौकशी कुणी करत नाही.

निशाचरी
वीज होतीच हो. पण व्हिक्टर पळतो तो प्रयोग फसला म्हणून नाही, जमला म्हणून. आणि तो जीव व्हिक्टरच्या ज्या लहान भावाचा खून करतो, त्या पोराचं नाव विल्यम का? लिहीत होती तेव्हा तिच्या मांडीवरच्या मुलाचं नाव तेच होतं.

तर्कट
तिच्या वडिलांचंही नाव विल्यम, सावत्र भावाचंही. आता काय, त्या सगळ्यांचा खून?

पडवीतला
तुमचं दोघांचं चालू द्या, पण तुम्ही दोघंही व्हिक्टरच्याच खांद्यावरून बघताय. मला लहानपणापासून चेहऱ्यावर कोड आहे. त्यामुळे माझं पुस्तक सुरू होतं ते डी लेसी या कुटुंबाच्या झोपडीपाशी. तो जीव भिंतीच्या फटीतून त्या कुटुंबाला बघत कित्येक महिने भाषा शिकतो. मग हिशेब करून आंधळ्या म्हाताऱ्याला एकटं गाठतो. म्हातारा प्रेमाने बोलतो. इतक्यात डोळस मंडळी येतात आणि म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स त्या जीवाला काठीने बडवतो. तो फेलिक्सला सहज फाडू शकला असता, पण हात उचलत नाही. मुलगी बघायच्या कार्यक्रमाआधी नीट फोनवर बोलून घ्यायचो मी, ते का, हे या पानावर कळलं.

तर्कट
हे मात्र भिडलं. निदान प्रसंग पुस्तकातला आहे, रोजनिशीतला नाही. तरी प्रत्येकाला आपलंच दुखणं सापडायला लागलं तर पुस्तकाचं स्वतःचं म्हणणं काय उरलं? कुणाला कोड, कुणाला सासू. (हलकेच घ्या.)

निशाचरी
हलकेच घेतलं. पण पुस्तकातलंच हवंय ना, मग स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनीच्या बेटावर या. तिथे व्हिक्टर त्या जीवासाठी जोडीदारीण बनवत असतो, आणि अर्धवट झालेला तिचा देह स्वतःच्या हाताने फाडून टाकतो. भीती कसली? तिला पोरं होतील याची. विजेचं नावही नाही तिथे.

तर्कट
ती धास्ती मनुष्यजातीचं काय होईल याची आहे. अख्खी सैतानांची जमात पसरेल म्हणतो तो. आईपणाशी संबंध नाही.

पडवीतला
तर्कटराव, जमात पोरांचीच होते की!