व्हीए-11 हॉल-ए: रेसिपी बघूनच ड्रिंक बनवतोय, तरी फ्लॉलेस बोनस का जातो?

निऑनबाज: व्हीए-11 हॉल-ए हा बारटेंडरचा गेम पीसीवर खेळतोय. टॅबवरची रेसिपी समोर ठेवूनच मिसळतो, तरी दिवसाच्या हिशेबात फ्लॉलेस सर्व्हिसचा (एकही ऑर्डर न चुकवल्याचा) बोनस बहुतेक वेळा नसतोच. मोठी बिअर मागितली की नक्की किती टाकायचं? शुगर रश बनवताना कधीकधी भलतंच नाव येतं. आणि काही दिवशी ऑर्डर काय होती तेच मिसळताना खाली दिसत नाही. हा बग आहे का? असंच चाललं तर घरभाडं काही भागत नाही.

पिक्सेलकाका: बग नाही. 'बिग' म्हणजे सगळंच दुप्पट, कारमोट्रिनसकट (कारमोट्रिन म्हणजे या गेममधलं अल्कोहोल). साध्या बिअरला 1 ॲडेलहाइड, 2 ब्रॉन्सन, 1 डेल्टा, 2 फ्लॅनरजाइड, 4 कारमोट्रिन लागतं (सगळी गेममधली काल्पनिक द्रव्यं), बेरीज 10. दुप्पट केलं की 2, 4, 2, 4, 8, म्हणजे शेकर बरोबर 20 वर भरतो. त्यापुढे एक थेंबही जात नाही. पियानो मॅनची बेरीज मुळातच 18 असल्यामुळे तो दुप्पट करायच्या भानगडीत पडू नका.

शुगर रशला 2 ॲडेलहाइड, 1 डेल्टा. स्पार्कल स्टारलाही हेच! फरक फक्त एजिंगचा, म्हणजे ड्रिंक मुरवण्याचा. एज बटण दाबलेलं राहिलं की शुगर रशचा स्पार्कल स्टार होतो. बर्फाचंही तसंच, रेसिपीत 'ऑन द रॉक्स' नसेल तर ते बटण बंदच हवं.

मध्यरात्र_शिफ्ट: मिक्स आणि ब्लेंडमध्येही बरेच जण गंडतात. साधारण पाच सेकंदांच्या आत थांबवलं तर मिक्स, पुढे गेलं की ब्लेंड.

पिक्सेलकाका: सेकंद मोजत बसू नका, शेकरकडे बघा. तो जोरजोरात हलायला लागला की ब्लेंड सुरू झालं. आणि सर्व्ह करण्याआधी ड्रिंकचं नाव येतं ते वाचा. चुकलं असेल तर रीसेट. रीसेटला दंड नाही, सर्व्ह केल्यावरच चूक धरली जाते.

जिलची_मांजर: ऑर्डर न दिसण्याचं कारण घरी आहे. कामावर निघण्यापूर्वी जिल, म्हणजे आपण खेळतो ती बारटेंडर, एखादी वस्तू हवी म्हणते. ती घेतली नाही तर बारमध्ये तिचं लक्ष उडतं आणि खालची आठवण गायब होते. पैशांची चणचण असेल तर वस्तू घेऊ नका, संवादातली ऑर्डर कागदावर लिहून घ्या. वस्तूवरचा खर्च वाचतो, बोनसही हातचा जात नाही. शेवटी भाडं भरता आलं नाही तर वाईट शेवट पदरात पडतो, तेव्हा दुकानात हात आखडताच ठेवा. शिफ्टच्या मधल्या ब्रेकमध्ये सेव्ह करता येतं, ते चुकवू नका.

मध्यरात्र_शिफ्ट: एक भर. ज्या रेसिपीत कारमोट्रिन ऐच्छिक आहे तिथे ते किती टाकायचं हे तुमच्या हातात. या गेममध्ये संवादाचे पर्याय निवडायला मिळत नाहीत, ग्लासात काय जातं तीच तुमची निवड. गिऱ्हाईकाला चढली की काही जणांच्या तोंडून वेगळंच निघतं. दिसायला पीसी-98 या जुन्या जपानी संगणकावरच्या गेमसारखा असला तरी तिथल्यासारखी मेनूतली निवड इथे शोधू नका. 'गोड काहीतरी' अशी मोघम ऑर्डर आली तर टॅबवर चवीप्रमाणे यादी लावा.

निऑनबाज: एज बटणच होतं. ब्रेकचं सेव्ह लोड करून बघतो.