इम्युलेटरमध्ये ॲप उघडतं आणि लगेच बंद पडतं, मोबाइलवर मात्र व्यवस्थित चालतं, काय करू?

गणिताच्या_बाई
नमस्कार. मी कराडला आठवी ते दहावीचा क्लास चालवते. मुलांच्या सरावासाठी आम्ही एक प्रश्नमंजुषेचं ॲप वापरतो, माझ्या मोबाइलवर आणि बऱ्याच पालकांच्या मोबाइलवर ते छान चालतं. पण ज्या मुलांकडे मोबाइल नाही किंवा घरी एकच मोबाइल आहे आणि तो वडील कामावर घेऊन जातात, त्यांच्यासाठी मी क्लासमधल्या कॉम्प्युटरवर अँड्रॉइड इम्युलेटर (कॉम्प्युटरवर मोबाइलची ॲप्स चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून घेतलाय. कॉम्प्युटर विंडोज ११ चे, आय५, ८ जीबी रॅम. एक जुना आहे ४ जीबीचा.

प्रॉब्लेम असा की ॲपवर क्लिक केलं की लोगो येतो, जेमतेम सेकंदभर दिसतो आणि परत होम स्क्रीन. काही मेसेज पण येत नाही. ॲपची एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल माझ्याच मोबाइलमधून शेअरिंगच्या ॲपने कॉम्प्युटरवर घेतली आणि इम्युलेटरमध्ये ड्रॅग करून टाकली, इन्स्टॉल बिनतक्रार झालं. कॅशे क्लिअर केला, काढून परत टाकलं, इम्युलेटरसुद्धा काढून परत टाकला. सगळ्या कॉम्प्युटरवर सेम. बाकीची ॲप्स, म्हणजे कॅल्क्युलेटर, यूट्यूब वगैरे चालतायत. परीक्षा जवळ आली आहे आणि मुलं रोज विचारतायत, कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

कोल्हापूर_पीसी_रिपेअर
बाई, आधी एक बघा, इम्युलेटर बंद पडतोय का फक्त ॲप? तुमच्या लिहिण्यावरून तर फक्त ॲप पडतंय, तरीपण बेसिक चेक करून घ्या, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या केसेस यातच सुटतात. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली व्हर्च्युअलायझेशन (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवायची प्रोसेसरची सोय) असं लिहिलेलं असतं, तिथं इनेबल्ड पाहिजे. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं, इंटेलला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीला एसव्हीएम. ते बंद असलं की इम्युलेटर एकतर सुरूच होत नाही नाहीतर इतका रडत चालतो की ॲप्स टाइमआउट होऊन पडतात.

दुसरं, इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये रॅम बघा. ८ जीबीच्या मशीनवर ३-४ जीबी द्या, त्याच्या वर नको, विंडोजलापण जगायला पाहिजे. ग्राफिक्समध्ये रेंडरर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायची पद्धत, ओपनजीएल असेल तर डायरेक्टएक्स करून बघा, डायरेक्टएक्स असेल तर उलटं. आणि ग्राफिक्स ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून अपडेट करा.

रात्रपाळी_गेमर
हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशनची सोय) बंद करा, विषय संपला. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, बीसीडीएडिट या बूट सेटिंगच्या कमांडने हायपरव्हायझर लाँच टाइप ऑफ करा, सोबत कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी पण बंद करा, रीस्टार्ट. माझ्याकडे गेम सारखा क्रॅश होत होता तो यानेच थांबला.

लॉग_वाचणारा_पुणे
बाई, थांबा, वरचं बीसीडीएडिटचं लगेच करू नका. त्यांच्याकडे तो उपाय चालला असेल, कारण जुन्या पद्धतीचे इम्युलेटर आणि विंडोजचा हायपरव्हायझर, म्हणजे हायपर-व्ही, एकमेकांशी भांडतात हे खरंय, पण तो त्रास झाला तर अख्खा इम्युलेटर अडकतो, एकटं एकच ॲप पडत नाही. तुमच्याकडे यूट्यूब चालतंय म्हणजे ही केस ती नाही. शिवाय मेमरी इंटिग्रिटी हे विंडोजचं संरक्षण आहे, मुलं पेनड्राइव्ह लावतात त्या मशीनवर ते बंद करणं मला अजिबात पटत नाही. आता हायपर-व्हीसोबत चालणारे इम्युलेटर मिळतात, ते घ्यावेत. आणि बूट सेटिंग किंवा बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघून त्याची रिकव्हरी की काढून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागत बसेल आणि क्लास बंद.

मी अँड्रॉइडचंच काम करतो, दिवसभर क्रॅशच बघत असतो, म्हणून कळकळीने सांगतो की आधी लॉग बघा. ॲप का पडलं हे अँड्रॉइड स्वतः लिहून ठेवतं, आपण ते न वाचता काढा-टाका करत राहतो आणि आठवडा जातो. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये अँड्रॉइड डीबग ब्रिज म्हणजे एडीबी (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला कमांड द्यायचं साधन) चालू करायचा पर्याय असतो, तो चालू केला की तिथेच पत्ता दिसतो, बहुतेक १२७.०.०.१ आणि पोर्ट ५५५५ किंवा त्याच्या आसपास. गुगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवरून प्लॅटफॉर्म टूल्सची झिप उतरवा, ती उघडून त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट चालू करा. आधी एडीबी कनेक्ट आणि तो पत्ता, मग ॲप पाडा, आणि मग एडीबी लॉगकॅट, पुढे डॅश बी क्रॅश. या क्रॅश बफरमध्ये फक्त पडझडच असते त्यामुळे हजारो ओळींत शोधावं लागत नाही.

जे येईल ते इथे टाका. फेटल एक्सेप्शन या शब्दांच्या खालच्या चार-पाच ओळी महत्त्वाच्या. तिथे सिग्नल ११ आणि ग्राफिक्सच्या लायब्ररीचं (ॲपला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइलचं) नाव दिसलं तर कोल्हापूरवाल्या दादांचं रेंडररचं म्हणणं बरोबर. क्रॅश बफर पूर्ण रिकामा निघाला तर साधा लॉगकॅट घेऊन त्यात लो मेमरी किलरची ओळ शोधा, ती असेल तर ॲप क्रॅश झालं नाही, रॅम कमी पडली म्हणून सिस्टिमनेच मारलं.

नागपूरकर_बँकवाला
थोडं विषयाबाहेर पण लोक इथे शोधत येतात म्हणून लिहून ठेवतो. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप इम्युलेटरमध्ये उघडून बंद होत असेल तर तो बहुतेक वेळा क्रॅश नसतो. ॲप गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीला विचारतं की हे खरं डिव्हाइस आहे का, आणि उत्तर नाही आलं की मुद्दाम बंद होतं. यूपीआयला तर त्याच मोबाइलमधलं सिम लागतं. त्यासाठी रूट, पॅच वगैरे सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका, पैशाचा मामला आहे.

गणिताच्या_बाई
सगळ्यांचे आभार. व्हर्च्युअलायझेशन इनेबल्ड आहे, रेंडरर बदलून पाहिला, फरक नाही. आमच्याकडे बारावी झालेला एक विद्यार्थी येतो मदतीला, त्याने लॉग काढून दिला. इंग्रजीत बरंच आहे, मला महत्त्वाचं वाटलं ते देवनागरीत लिहिते: फेटल एक्सेप्शन मेन, त्याखाली अनसॅटिस्फाइड लिंक एरर, मग पाथ क्लास लोडर आणि मोठा पत्ता, त्यात शेवटी बेस डॉट एपीके असं दिसतंय, आणि ओळीच्या शेवटी कुडन्ट फाइंड लिबफ्लटर डॉट एसओ.

त्या मुलाने अजून एक केलं, इम्युलेटरमध्ये अँड्रॉइड ७ होतं म्हणून अँड्रॉइड ११ चं नवीन इन्स्टन्स, म्हणजे इम्युलेटरमधला दुसरा मोबाइल बनवला, तर तिथे तीच फाइल इन्स्टॉलच होत नाहीये. म्हणजे अजूनच बिघडलं का?

लॉग_वाचणारा_पुणे
बिघडलं नाही बाई, उलट सगळं उलगडलं. त्या मुलाला शाबासकी द्या.

तुमचं ॲप फ्लटरमध्ये, म्हणजे गुगलच्या ॲप बनवायच्या साधनात बनवलेलं आहे. फ्लटर ॲपचं इंजिन म्हणजे ती लिबफ्लटर डॉट एसओ, ती सापडली नाही तर ॲप पहिल्या पावलालाच पडणार, लोगो दिसून जाणं हे त्याचंच. आता ती का नाही? ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवीन ॲप द्यायचं तर ॲप बंडल द्यावं लागतं, आणि मग प्ले स्टोअर प्रत्येक मोबाइलला त्याच्या मापाचे तुकडे देतं. एक बेस एपीके, एक त्या प्रोसेसरच्या लायब्ररींचा तुकडा, एक स्क्रीनच्या डेन्सिटीचा, एक भाषेचा. जेवणाचा डबा चार पुड्यांचा असावा आणि आपल्या हाती फक्त भाताचा पुडा यावा तसं झालंय, शेअरिंगच्या ॲपने तुमच्या मोबाइलमधून फक्त बेस उचललं. लायब्ररी होती ती वेगळ्या फाइलमध्ये, जिच्या नावात स्प्लिट कॉन्फिग आणि आर्म६४ (आर्म हा मोबाइलच्या प्रोसेसरचा प्रकार) असं असतं, ती मोबाइलमध्येच राहिली.

खात्री करायची असेल तर त्या एपीकेची कॉपी करून शेवटचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. एपीके ही आतून झिपच असते. लिब नावाचं फोल्डर दिसतं का बघा, त्यात आर्म६४-व्ही८ए, आर्मईएबीआय-व्ही७ए, एक्स८६_६४ अशी फोल्डरं असतात. तुमच्यात बहुतेक लिब फोल्डरच नसेल.

आणि अँड्रॉइड ११ वर इन्स्टॉल नाही झालं ते चांगलंच. बेसमध्येच लिहिलेलं असतं की मला बाकीचे तुकडे पाहिजेत, नवीन अँड्रॉइड ते वाचून आधीच नाही म्हणतं, जुनं घेऊन टाकतं आणि उघडताना तोंडावर पडतं.

उपाय: ते अँड्रॉइड ११ चं इन्स्टन्स ठेवा, ६४ बिटचं आहे ना ते बघा, आणि ॲप त्याच्या आतल्या प्ले स्टोअरमधून टाका. प्ले स्टोअर त्या इन्स्टन्सला लागणारे तुकडे स्वतः निवडेल. अँड्रॉइड ७ चं जुनं ३२ बिट इन्स्टन्स काढूनच टाका, कारण फ्लटरचं रिलीज ॲप ३२ बिट एक्स८६ (कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा प्रकार) साठी बनतच नाही, तिथे सगळी भिस्त आर्मच्या भाषांतरावर आणि ते कधी जमतं कधी नाही. प्ले स्टोअरने हे डिव्हाइस चालत नाही असं म्हटलं तर ॲपवाल्यांना मेल करून युनिव्हर्सल एपीके मागा, त्यात सगळ्या प्रोसेसरच्या लायब्ररी एकत्र असतात. त्यांना ती काढून द्यायला फार वेळ लागत नाही. गुगलवर शोधून अनोळखी साइटवरची एपीके मात्र घेऊ नका, मुलांचे लॉगिन आहेत त्यात.

रात्रपाळी_गेमर
हे स्प्लिटचं मला माहीतच नव्हतं, मित्राला मोबाइलवरून दिलेली ॲप्स त्याच्याकडे का उघडत नव्हती ते आज कळलं. बाई, माझं हायपर-व्हीचं नका करू मग.

गणिताच्या_बाई
झालं!! लिब फोल्डर खरंच नव्हतं. नवीन इन्स्टन्समध्ये प्ले स्टोअरवरून टाकलं, पहिल्याच झटक्यात उघडलं, लॉगिन झालं, मराठी माध्यमाचे प्रश्नसंच पण दिसले. त्या मुलाने बाकीच्या कॉम्प्युटरवर पण तसंच करून दिलं. लॉगवाल्या दादा, तुमचे किती आभार मानू.

फक्त तो ४ जीबीवाला जुना कॉम्प्युटर, त्यावर ॲप उघडतं पण दोन-तीन प्रश्न झाले की बंद. क्रॅश बफर रिकामा आहे, साध्या लॉगमध्ये तुम्ही म्हणालात ती लो मेमरी किलरची ओळ आहे.

कोल्हापूर_पीसी_रिपेअर
ती रॅमचीच गोष्ट हाय बाई, त्या मशीनवर इम्युलेटरचा हट्ट सोडा. दोन रस्ते. एकतर त्यात रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा असेल तर ४ जीबीची जुनी पट्टी टाका, डीडीआर३ (रॅमचा जुना प्रकार) असेल तर सेकंडहँड स्वस्तात मिळते, बोर्डवर काय लागतं ते आधी बघून घ्या म्हणजे चुकीची येणार नाही. नाहीतर घरात कुणाचा जुना, डिस्प्ले फुटलेला पण चालू मोबाइल असेल तर तो यूएसबीने जोडा आणि एससीआरसीपीवाय नावाचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अँड्रॉइड ५ पासून पुढं चालतं. मोबाइलची स्क्रीन कॉम्प्युटरवर दिसते आणि माउस-कीबोर्डने चालवता येते, ॲप चालतं मोबाइलवरच त्यामुळं कॉम्प्युटरला काही ताण नाही. मोबाइलमध्ये यूएसबी डीबगिंग (केबलवरून मोबाइल चालवू द्यायची परवानगी) आधी चालू करायला लागतं, डिस्प्ले पूर्ण काळा असेल तर तेवढ्यापुरतं अवघड जातं.

गणिताच्या_बाई
फुटलेल्या काचेचा एक मोबाइल आहे आमच्याकडे, डिस्प्ले दिसतोय त्याचा. उद्या त्या मुलाला सांगून जोडून बघते आणि इथे कळवते.