अनुभव धागा : आजच्या काळातला पियानो कॉन्चेर्तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा

वर्तकनगरी
काल संध्याकाळी ठाण्यात वागळे इस्टेटला सोळा नंबर रोडवर रिक्षा अडकली. बाजूच्या गाळ्यात दोन पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा कापायची यंत्रं, चालू होत्या. आता तिथे काचेच्या इमारती जास्त, प्रेसचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. एक सरळ ठक् ठक् ठक्. दुसरी तिच्या मधेमधे. कधी दोघी एकदम पडतात, मग दुसरी हळूहळू सरकत जाते. रिक्षा हलली तरी मी गुडघ्यावर बोटं आपटत मोजतेच आहे. घरी आले, आधी लिगेती लावला, मग कुकर.

ग्यॉर्गी लिगेती या हंगेरियन संगीतकाराचा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) मी पहिल्यांदा ऐकला तो ठाणे-वाशी गाडीत, २०१० साली. मैत्रिणीने फोनमध्ये भरून दिला होता, आणखी काहीच सांगितलं नव्हतं. तोवर पियानो म्हणजे सिनेमात नायक एकटा बसून वाजवतो ते. हे सुरू झालं आणि वाटलं फोन बिघडला, दोन गाणी एकदम लागलीत. कानातलं काढून तपासलं, एकच चालू होतं. परत लावलं. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, आणि घणसोलीच्या आसपास मला कळलं की हे मी ऐकलेलं आहे. बाबांच्या गाळ्यात.

बाबा एकतीस वर्षं प्रेसवर होते. वॉशर काढायचे. शनिवारी शाळा लवकर सुटली की मी डबा घेऊन जायची आणि खोक्यावर बसून दोन प्रेसची शर्यत ऐकायची. पुन्हा एकत्र कधी पडतील त्याची वाट बघायची. एकत्र पडल्या की टाळी. पियानोचे दोन हात अगदी तेच करत होते. तुर्भ्याला उतरायचं होतं, वाशीपर्यंत गेले.

तुम्ही काय ऐकलंत पहिल्यांदा, कुठे, कसं वाटलं? लिगेतीच हवा असं नाही. लिहा ना.

नेरूळकरीण
वाचतेय. कणीक भिजवून येते.

तबल्याची_शाई
ताई, तुम्ही टाळी द्यायचात ती सम होती!!

पहिल्या भागात लिगेतीने एकाच आवर्तनात १२ आणि ८ अशा दोन चाली एकदम धरल्यात. पाश्चात्त्य लिपीतल्या बारा छेद आठ मापाचे बारा आणि चार छेद चारचे आठ. आठाच्या जागेत बारा म्हणजे काय? दीडपट. आपली आड लय. आमचे गुरुजी हे पहिल्या वर्षी हातावर टाळी देत बोलायला लावतात. फरक असा की आपण आड करून समेवर येतो आणि ठेका खाली शाबूत असतो. इथे ठेका धरणारा कोणीच नाही, दोन्ही चाली स्वतःला ठेका समजतात. वर त्यांचे जोर विषम गटांत पडतात, त्यामुळे सम हाताशी आली म्हणेतो निसटते.

मी पहिल्यांदा ऐकलं ते वहीत मात्रा लिहीत. तिसऱ्या मिनिटाला वही ठेवून दिली आणि नुसता ऐकत बसलो. तेव्हा जास्त कळलं.

सीवूड्स_हार्बर
माझा पियानोचा नाही, चालेल का? २०१५ मध्ये एनसीपीएला झाकीरभाईंचा 'पेशकार' ऐकला, तबला आणि ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्तो, पहिलाच प्रयोग. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने त्यांच्याकडून लिहून घेतला होता. सत्तर-ऐंशी वादक समोर कागद ठेवून बसलेले आणि मध्ये एक माणूस कागदाशिवाय. मी सवयीने मध्येच 'वा' म्हटलं. पुढच्या ओळीतल्या पारशी आजींनी मागे वळून बघितलं. मला वाटलं रागावल्या, तर त्यांनी मान डोलावली. २०२४च्या डिसेंबरात झाकीरभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मला सगळ्यात आधी त्या आजी आठवल्या.

कोपरी_पूल
दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात ना? मी वाजवल्या होत्या एकदा, एकट्यानेच. फार ओशाळलो.

सीवूड्स_हार्बर
कोपरी, अहो काही नाही. पूर्वी तिकडेही भागाभागाला टाळ्या पडायच्या. ही शिस्त नंतरची आहे.

नेरूळकरीण
आले. मुलगी पियानोच्या परीक्षा देते पण घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्डच आहे. खऱ्याच्या ८८. एखाद्या तुकड्यात हात डावीकडे जातो आणि पुढे पट्टीच नाही, मग ती टेबलावर बोट आपटते आणि तोंडाने "बूम" म्हणते. बघून पोटात तुटतं. पण जुना पियानो घ्यावा तर आपल्या खाडीच्या हवेत टिकतो का? कोणाला अनुभव?

पाटलीपाडा
टिकतो पण सांभाळावा लागतो. साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची लाकडी फळी, दमट हवेत फुगतो, सूर चढतो, हवा कोरडी झाली की उतरतो. तारा सव्वादोनशेच्या पुढे असतात, सगळ्या सारख्या हलत नाहीत. बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला लावू नका. जुलैत ट्यून करून काही उपयोग नाही, पाऊस संपून हवा स्थिर झाली की करा. आणि मुलीचं ते "बूम" रेकॉर्ड करून ठेवा.

नेरूळकरीण
:) धन्यवाद. ठेवलंय.

बेलापूरचे_काका
मी मोकळेपणाने सांगतो. मुलाने आग्रह केला म्हणून हाच लिगेती पूर्ण ऐकला. पाचही भाग. मला नाही आवडला. मारव्यात अस्वस्थता असते पण तिला घर माहीत असतं, षड्ज लांब ठेवला तरी तो आहे हे कळतं. इथे मला घर सापडेना. चौथ्या भागात तर तुकडे नुसते उडत होते. वय झालं म्हणून असेल, पण असं वाटलं ते लिहितो.

दुसरा भाग मात्र राहिला मनात. संथ, ओसाड. खाली डबल बास, वर कोणीतरी फार लांबून शीळ घालतंय.

तबल्याची_शाई
काका, ती खरंच शिट्टी आहे. दांडा ओढून सूर घसरवायची, जत्रेत मिळते तशी. जोडीला ऑकारिना म्हणून छोटं फुंकवाद्य. पियानोत मींड नाही, पट्टी दाबली की सूर जिथल्या तिथे. म्हणून मला ती घसरती शिट्टी ऐकून जीव भांड्यात पडल्यासारखं झालं.

बेलापूरचे_काका
असं होय. मग मींड ऐकूनच मन थांबलं असणार.

पोळीभाजी
लिगेतीचे वडील आणि धाकटा भाऊ नाझी छळछावण्यांत गेले, आई ऑश्विट्झमधून परत आली. मी आधी हे वाचलं आणि मग दुसरा भाग ऐकला. शिट्टीला जत्रेतली म्हणवत नाही मला. पुढचं लिहिता येत नाहीये, गॅसवर दूध आहे.

ऐरोली_नाइट_शिफ्ट
मी ब्रिटिश संगीतकार थॉमस आडेसचा पियानो कॉन्चेर्तो. पियानोवादक किरिल गर्स्टीनने तो २०१९च्या मार्चमध्ये बॉस्टनला पहिल्यांदा वाजवला, आडेस स्वतः समोर उभा राहून ऑर्केस्ट्रा सांभाळत होता. मी ऐकला २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये, रात्री तीनला, घरून शिफ्ट. बायको बाळाला घेऊन माहेरी अडकलेली. पहिला भाग इतका खेळकर की मी उठून खोलीत फेऱ्या मारायला लागलो. मधला संथ भाग आला आणि बसलो. कोणी इतक्यात, माझ्या हयातीत, हे बसून लिहिलं याचाच धीर वाटला. मोठे संगीतकार म्हणजे भिंतीवरच्या तसबिरी असं डोक्यात होतं. हा माणूस जिवंत आहे, त्यालाही तेव्हा घरात बसावं लागलं असेल.

बाळ आता शाळेत जातं. तिसरा भाग लागला की नाचतं.

घणसोली_फास्ट
ज्यांना लिगेती जड जातो त्यांनी अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासच्या तिरोल कॉन्चेर्तोपासून सुरुवात करा, २०००चा आहे, पियानो आणि फक्त तंतुवाद्यं. मधला भाग लांब आहे, घाई नको. ग्लासने साठच्या दशकात पॅरिसला रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवायचं काम केलं होतं, अल्लारखाँसाहेबही होते. तिथे त्याला मात्रांची बेरीज करत लय वाढवायची रीत कळली. त्यामुळे आपल्या कानाला तो परका वाटत नाही.

कोपरी_पूल
एनसीपीएवरून रात्री ठाण्याला कसं येता सगळे?

सीवूड्स_हार्बर
बाहेरून शेअर टॅक्सी मिळाली तर सीएसएमटी, नाही तर चालत चर्चगेट. चर्चगेटला गेलात तर दादरला बदला. शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका, मेगाब्लॉक बघून निघा.

कान_नाक_घसा
वर्तकनगरी, बाबांना ऐकवलंत का? आणि त्यांना ऐकू कसं येतं? प्रेसवर इतकी वर्षं काढलेल्यांचे उंच स्वर आधी जातात. बोलणं कळतं पण अक्षरं गाळलेली, स आणि श कळत नाही. माझ्याकडे असे खूप जण येतात आणि सगळे "आमच्या कामात असतंच ते" म्हणतात. नसायला हवं होतं.

वर्तकनगरी
डॉक्टर, तंतोतंत. दारावरची बेल ऐकू येत नाही. त्या गाळ्यात कानाला लावायला कधी कोणी काही दिलं नाही. ऐकवलं नाहीये, लाज वाटायची की त्यांना वाटेल ही थट्टा करतेय. आज विचारते.

तबल्याची_शाई
नक्की ऐकवा! आणि हे तुम्हाला माहीत असेल-नसेल. लिगेती लयीच्या या वळणावर आला त्याला मध्य आफ्रिकेतल्या वादकांची लय कारण आहेच, आणि कॉनलन नॅनकॅरो हा संगीतकारही. हा मेक्सिकोत राहून, आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी कागदाच्या गुंडाळीला हाताने भोकं पाडायचा. एकेक भोक म्हणजे एकेक सूर. माणसाच्या दोन हातांना न झेपणाऱ्या लयी त्याने अशा भोकांनी लिहिल्या.

वर्तकनगरी
थांबा. भोकं?

वॉशर काढल्यावर पत्र्याची पट्टी उरते. लांबच लांब, गोल गोल भोकांची. बाबा भंगारात टाकण्याआधी कधीतरी एखादी माझ्यासाठी आणायचे. मी ती गॅलरीच्या गजाला बांधायची, उन्हात भिंतीवर ठिपके पडायचे. मी फोन ठेवते जरा.

नेरूळकरीण
अगं बाई.

पोळीभाजी
दूध उतू गेलं, चालेल.

वर्तकनगरी
जेवणं झाली, मग ऐकवलं.

कानातलं यंत्र त्यांनी काढून ठेवलं, म्हणाले त्याने सगळं टिनपाट वाटतं. स्पीकर उशीवर ठेवला आणि त्यावर तळवा ठेवून डोळे मिटले. शिट्टी ऐकू आली नाही, तिथे विचारलं "संपलं का?" मग पहिला भाग परत लावायला सांगितला. परत. तिसऱ्या वेळी म्हणाले, "एकीचा पट्टा ढिला आहे. फ्लायव्हील फिरतंय पण स्ट्रोक मागे पडतो. ही दुपारपर्यंत चालेल, मग मिस्त्रीला बोलवावं लागेल." मी म्हटलं, बाबा हा पियानो आहे. म्हणाले, "कळतंय मला. वाजवणाऱ्याला सांग, मुद्दाम ढिला ठेवलाय तेच बरोबर आहे."

तबल्याची_शाई
साष्टांग नमस्कार सांगा त्यांना.

बेलापूरचे_काका
मी उद्या पहिला भाग पुन्हा ऐकतो. हात स्पीकरवर ठेवून.

नेरूळकरीण
पाटलीपाडा, एक राहिलंच विचारायचं, पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवायचा तर लिफ्टमध्ये मावतो का हो?