‘क्षमा’ आणि ‘कृतज्ञता’ यांचे नाते

प्रश्न : आमच्याकडे फोंड्याला चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, उत्तरपूजेच्या वेळी वडील गाऱ्हाणे घालतात. वर्षभर सांभाळल्याबद्दल देवाचे उपकार मानतात आणि त्याच दमात ‘चुकलेमाकले पोटात घाल’ असेही म्हणतात. या दोन गोष्टी एकत्र का येतात? शब्दांच्या अर्थातच काही नाते आहे काय?

उत्तर : नाते आहे, असे मला वाटते, मात्र ते ‘माफी’ या शब्दातून दिसणार नाही. मूळच्या अरबी असलेल्या या शब्दाचा ओढा मराठीत येणे असलेली रक्कम सोडून देण्याकडे आहे, म्हणून आपण कर्जमाफी म्हणतो, ‘कर्जक्षमा’ म्हणत नाही. ‘क्षमा’ हा शब्द ‘क्षम्’, म्हणजे सोसणे, या धातूपासून आला आहे आणि संस्कृतात त्याचा एक अर्थ पृथ्वी असाही आहे. सकाळी भूमीला पाय लावण्यापूर्वी ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’ म्हणणारा मनुष्य गुन्हा कबूल करीत नसतो. जी आपला भार वाहते तिचे वाहणे आपल्या ध्यानात आहे, हे तो तिला सांगत असतो. ‘कृतज्ञ’ म्हणजे तरी काय, तर केलेले जाणणारा. त्याच्या उलट ‘कृतघ्न’, केलेले मारून टाकणारा.

वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात, पहिल्याच सर्गात, रामाचे वर्णन आहे की तो एखाद्या उपकारानेही संतुष्ट होतो आणि शंभर अपकार झाले तरी ते आठवत नाही. याचे कारण तेथे एकाच शब्दात दिले आहे : ‘आत्मवत्तया’, म्हणजे मन स्वतःच्या ताब्यात असल्यामुळे. क्षमा आणि कृतज्ञता यांना जोडणारा दुवा मला येथे सापडतो. काय जपावे आणि काय सोडावे, हे ठरविणारी सत्ता एकच आहे.

पुरवणी (दुसऱ्या उत्तरकाराकडून) : वरील विवेचन पटते, पण एक सावधगिरी हवी. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला जुन्या उपकारांची आठवण देऊन त्याच्याकडून क्षमा वसूल करणे हा या शब्दांचा दुरुपयोग आहे, आणि घराघरांत, विशेषतः सुनांच्या बाबतीत, तो सर्रास होतो. ‘पोटात घालणे’ हा वाक्प्रचारच पाहावा : पोटात घातलेला अपराध नाहीसा होत नाही, कोणीतरी तो वागवीत असते. तो वागवायचा की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

आपल्या कोंकणीत आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात. त्यात फेडीची भाषा नाही; उपकार करणाऱ्याचे भले देवावर सोपविलेले असते. अपकार करणाऱ्याविषयीही हेच तीन शब्द मनापासून उच्चारता आले, तर त्यांना क्षमा म्हणण्यास माझी हरकत नाही.